डावा स्पीकर

रिपेरिंगच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. लोक न्यायला विसरलेले टेप आणि किस्से. टेप शेवटी भंगारात घालता येतात. किस्से कुठे घालणार?

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं दुकान होतं. नव्वदच्या पुढे घरोघरी अॅम्प्लिफायर आले आणि लोकांना एकाच अॅम्प्लिफायरवर सगळं हवं झालं. रेडिओ, टेप, टीव्ही, पुढे सीडीसुद्धा. जोडणीत माझा हात चांगला बसला होता. फक्त एक भानगड होती. लहानपणी तापात माझा डावा कान गेलेला. आवाज ऐकू यायचा, पण तो डावीकडून येतोय की उजवीकडून, ते कळायचं नाही. आणि धंदा काय, तर स्टिरिओ जोडायचा! हे बाहेर कळलं असतं तर दुकानाला कुलूपच लागलं असतं. म्हणून मी कुणाला बोललो नाही. स्पीकरच्या आतल्या कागदी पडद्याला बोट लावायचं, थरथर लागली की म्हणायचं, "वाजतोय!"

* * *

राजुरीच्या भिकाभाऊंचं मोठं एकत्र कुटुंब. एकदा त्यांचा निरोप आला, "मशीन येडं झालंय, लगेच या."

गेलो तर बातम्या, भजन आणि शेतीचा कार्यक्रम एकदमच चालू! भाऊंनी टीव्ही, टेप आणि रेडिओ, तिघांच्या वायरी एकत्र पिळून अॅम्प्लिफायरच्या एकाच सॉकेटात खुपसल्या होत्या.

"अहो भाऊ, प्रत्येकाला वेगळी जागा लागते!"

"आमच्यात समदे एका पंगतीला बसत्यात राव. यान्लाच येगळं पान कशाला?"

मी सिलेक्टर बसवून दिला. बटण फिरवायचं, एका वेळी एकच वाजणार. पंधरा दिवसांत पुन्हा निरोप, बटणच गायब! घरभर शोधलं. शेवटी ते थोरल्या वहिनींच्या कनवटीला सापडलं.

"आधी भाकरी हू द्या," वहिनी म्हणाल्या, "मंग बगू कोन वाजवायचं ते!"

त्या घरातून मी एकदाही न जेवता परत आलो नाही.

* * *

शिनोलीचे गुरुजी म्हणजे कानाचे पक्के. त्यांच्याकडे एक कॅसेट होती, खास स्टिरिओ तपासायची. तिच्यात आगगाडी डावीकडून येते आणि उजवीकडे निघून जाते. मी टेप जोडला, कॅसेट लावली आणि छाती पुढे काढून उभा राहिलो.

गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "भाऊ, गाडी उजवीकडनं आली की."

वायरी उलट्या लागल्या होत्या आणि मला पत्ताच नव्हता! तोंडाला येईल ते बोलून गेलो, "गुरुजी, परतीची गाडी असंल!"

गुरुजी खो खो हसले. हसता हसताच उठले, मागे जाऊन स्वतः वायरींची अदलाबदल केली आणि चहा मागवला. पुढच्याच आठवड्यात त्यांनी शाळेतल्या दोन शिक्षकांना माझ्याकडे पाठवलं. गुरुजींची आठवण आली की आजही हात जोडावेसे वाटतात.

* * *

मग व्हीसीडी आल्या. लग्नाची व्हीसीडी टीव्हीवर बघायची आणि आवाज मोठ्या स्पीकरवर काढायचा, ही फॅशनच झाली. एका घरी लेकीच्या लग्नाची व्हीसीडी लावलेली. पाहुणे जमलेले, पण स्पीकरमधून नुसती घर्र घर्र! प्लेयरला चित्राची दोन भोकं होती; एकातली वायर टीव्हीला नीट होती, पण दुसऱ्यातली पिवळी वायर कुणीतरी आवाजाची समजून अॅम्प्लिफायरला लावली होती.

मी वायर काढायला वाकलो, तेवढ्यात पडद्यावर नवरदेव काहीतरी बोलू लागला. स्पीकरमधून घर्र!

सासरे म्हणाले, "थांबा भाऊ, जावयाचा आवाज बराबर हाय. बाकीच्यांचं तेवढं बगा!"

जावई तिथेच बसला होता. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

* * *

मारुतीभाऊ एसटीचे ड्रायव्हर. सुट्टी असली की माझ्या दुकानात स्टुलावर येऊन बसायचे आणि न विचारता बोलायचे. "डावा बंद हाय भाऊ." "आता दोनी चालू." "उजवा जरा जास्त व्हतोय." माणूस बडबड्या आहे, एवढंच मला वाटायचं. त्यांच्या बडबडीवर माझी कितीतरी कामं पार पडली.

रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं अॅम्प्लिफायर घेतला. रेडिओ, टेप, सीडी, तिन्ही जोडायला मला घरी बोलावलं. मी मागच्या वायरी लावल्या, मान वर केली आणि कपाळावर हात मारला. दोन्ही स्पीकर एकाच भिंतीला, शेजारी शेजारी!

"मारुतीभाऊ, वर्षानुवर्षं दुकानात बसून हेच शिकलात? एक इकडे, एक तिकडे ठेवायचा असतो. मग स्टिरिओ कशाला घेतला?"

"तुमी आधी त्या खुर्चीत बसा. मंग बोला."

खोलीत एकच खुर्ची होती, खिडकीकडे तोंड करून ठेवलेली. मी बसलो. दोन्ही स्पीकर माझ्या उजव्या हाताला, चांगल्या कानाकडे आले.

मी खुर्चीतच वळून त्यांच्याकडे बघितलं. "मारुतीभाऊ, तुम्हाला... कधीपासून ठाऊक होतं?"

त्यांनी चटई ओढली, माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले आणि सिलेक्टरवर हात ठेवला.

"बोला भाऊ, पयलं काय लावू? रेडिओ, टेप का शीडी?"