लिंपण नसलेली भेग

खडकांच्या गोदामात तिला सगळे भिंगमावशी म्हणत, कारण गळ्यात दोरीला भिंग लटकलेलं असे. नैसर्गिक वायूच्या विहिरी खणताना काढलेले खडकाचे लांब दंडगोल तुकडे करवतीने उभे चिरायचे, धुवायचे, खोक्यांत क्रमाने मांडायचे, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. शिक्षण दहावीपर्यंतचं, नजर मात्र घारीची.

त्या सोमवारी तिने चिरलेल्या तुकड्यातून एक तिरकी भेग गेली होती. जमिनीखाली खडक तुटून एक बाजू सरकते, तेव्हा मधल्या थरातली चिकणमाती फरफटत जाते आणि भेगेला लिंपण बसतं. लिंपण अखंड असलं की वायू भेगेशी अडून राहतो. या भेगेला टेकून मोठा साठा असणार, या भरवशावर नवी विहीर खणायची ठरली होती. आणि इथे हातभर लांबीत लिंपणच नव्हतं. वाळूला वाळू भिडलेली.

तिने भूशास्त्रज्ञ साहेबांना बोलावलं. ते तिच्याहून वीस वर्षांनी लहान.

"मावशी, हातभर तुकड्यावरून अख्ख्या भेगेची परीक्षा करता?"

"तुम्ही तरी कशावरून केलीत, साहेब?"

साहेबांनी तिचं भिंग मागून घेतलं आणि भेग पुन्हा पाहिली. तुकडा प्रयोगशाळेत गेला आणि विहिरीचं काम थांबलं.

मग मावशीच्या जिवाला चैन पडेना. कँटीनमध्ये विहीर खणायच्या यंत्रावरचे लोक विचारत, "काय मावशी, आज काय बंद पाडायचं?" ती हसायची, पण डबा अर्धाच खाऊन उठायची. त्या खोक्यापाशी ती दिवसातून दहादा जाऊन यायची. घरी चहात दोनदा साखर पडली.

"बस की जरा," नवरा म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करायचा. हलत्या माणसासमोर त्याचा हात चालत नसे. "फरशी झिजवशील."

"अहो, माझं चुकलं असलं तर?"

"दिसलं ते सांगितलंस."

"माझ्या एका शब्दावर चाळीस माणसं हातावर हात ठेवून बसलीत!"

अकराव्या दिवशी साहेब कागद घेऊन आले. "मावशी, भेग बंदच आहे. लिंपण नाही तिथे वाळूचे कण घासून घासून पिठासारखे झालेत. वायूला शिरायला फट नाही."

मावशीचा चेहरा पडला. "म्हणजे मी उगाच..."

"पूर्ण ऐका. तुकड्यात पारा दाबून तो शिरायला किती जोर लागतो ते पाहिलं. हे पीठ जेमतेम नव्वद मीटर उंचीचा साठा अडवतं, त्यापुढचा वायू झिरपून जातो. आम्ही तीनशे मीटर धरले होते. वायू वर असतो आणि पाणी खाली. ठरलेली जागा त्या नव्वद मीटरच्याही खाली होती; तिथे खणलं असतं तर पाणीच लागलं असतं."

विहीर थर जिकडे वर चढतो त्या बाजूला सरकवली. तीन महिन्यांनी तिथे वायू लागला. कँटीनमधल्या थट्टेखोरांनीच मावशीच्या टेबलावर चहा आणून ठेवला.

तिने साहेबांकडून सूक्ष्मदर्शकात ते पीठ पाहून घेतलं. बराच वेळ मान वर केली नाही. मग विचारलं, "साहेब, आजवर लिंपण दिसलं नाही की मी खोक्याच्या चिठ्ठीवर 'भेग उघडी' लिहीत आले. त्यातल्या किती खरंच उघड्या होत्या?"

"कोण जाणे."

शनिवारी सुट्टी असूनही ती गोदामात गेली. जुन्या मांडणीवरची खोकी एकेक करून खाली उतरवायला घेतली. दुपारी नवऱ्याचा फोन आला, "जेवायला येतेस ना?"

"तुम्ही जेवून घ्या," ती म्हणाली. "आत्ताशी चौथंच खोकं झालंय."