बिनभंडाऱ्याची उमेदवारी

जिल्हा परिषदेचा सदस्य नेमकं करतो काय, हे खोरेवाडीत व्यंकटी सोडून कुणाला धड सांगता आलं नसतं. व्यंकटीलाही ते पायपीट करूनच कळलं. गावात आरोग्य उपकेंद्र आहे. इमारत रंगवलेली, पाटी ठळक, पण सिस्टर नाही आणि दाराला कुलूप. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. दोन वर्षांमागं भर दुपारी व्यंकटीच्या सुनेला, निकिताला, कळा सुरू झाल्या. त्या कुलपासमोरूनच तिला जीपमध्ये घालून जिंतूरला न्यायला निघाले, तर वाटेतच ती बाळंत झाली. लेकरू रडलंच नाही.

तेव्हापासून व्यंकटी अर्ज घेऊन परभणीला खेटे घालू लागला. जिल्हा परिषदेवर प्रशासक बसलेला, लोकांनी निवडून दिलेला माणूस एकही नाही. शेवटी एका कारकुनाला दया आली. "काका, अर्जानं काय व्हायलंय? शाळेच्या खोल्या, दवाखाने, नळयोजना, गावरस्ते, याचा जाब सदस्य सभेत उभा राहून विचारतो. तुमच्याकडं सदस्यच न्हाई."

हे वाक्य व्यंकटीच्या डोक्यात रुतून बसलं. निवडणूक लागली तसा हा गडी अपक्ष म्हणून उभा राहिला. घरी संडास असल्याचा दाखला, लेकरं किती त्याचं घोषणापत्र, सूचकाची सही, असं सगळं गोळा करून त्यानं तहसिलात अर्ज भरला. चिन्ह मिळालं कपबशी. लोक हसले, पण त्याला फिकीर नव्हती. वीस वर्षं त्यानं मतदारसंघातल्या ऊसतोड्यांबरोबर कोयता चालवला होता आणि ती सगळी माणसं आपली आहेत, याची त्याला खात्री होती.

मतदान नेमकं माघात आलं. सगळा ऊसतोड्या तेव्हा कर्नाटकात फडावर. त्याचा पोरगा हरिओम आणि निकिताही तिकडंच. व्यंकटी त्यांना भेटायला निघाला, तेव्हा बायकोनं, धुरपदाबाईनं, देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची पुडी काढून समोर धरली. खंडोबाचा भंडारा आणि बेल हातात घेऊन दिलेला शब्द इकडं मेला तरी कुणी मोडत नाही.

"जायलाव तर हे घेऊन जावा. एकेकाला उचलायला लावा."

"आपल्याच माणसाला शपथ घालायची? मला लाज वाटंल, धुरपदे." पुडी त्यानं परत देव्हाऱ्यात ठेवली.

फडावर सगळ्यांनी त्याला गराडा घातला. बटन तुमचंच, म्हणाले. अडचण एकच होती, यायचं कशानं? गाड्या पाठवणार होता बन्सीधरराव, समोरचा उमेदवार.

"या की त्याच्या गाडीत," व्यंकटी म्हणाला. "डिझेल त्याचं, मत आपलं." स्वतःच्या या हुशारीवर तो परतीच्या एसटीत बराच वेळ खूश होता.

मतदानाच्या सकाळी टेंपो आले. माणसं उतरली, व्यंकटीच्या पाया पडली, पण नजरेला नजर कुणी दिली नाही. त्याला वाटलं, प्रवासानं दमली असतील. दोन दिवसांनी जिंतूरला मोजणी झाली. खोरेवाडीच्या मशीनमधून कपबशीला निघाली एकोणतीस मतं.

माणसं तोवर फडावर परतली होती. आणायला टेंपो होते, न्यायला कुणाचंच काही नव्हतं. गेली बिचारी एसटीनं. घरी राहिली होती फक्त निकिता. तिला आता कोयता झेपत नव्हता. व्यंकटी घरी आला, पाणी न पिताच ओट्यावर बसला. विचारू नये असं वाटत होतं, तरी त्यानं विचारलंच.

"निकिता, तुझं मत कुठं पडलं?"

तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "मामा, गावाच्या अलीकडं टेंपो थांबवला बन्सीधररावाच्या माणसांनी. समद्यांच्या हातावर बेल-भंडारा ठिवला. हे न्हाई म्हणले, तर म्हणले उतरा खाली. मग यांनी उचलला. मी बी उचलला."

"मशीनपाशी कोण बघायलं होतं, बाई? तिथं तर तू एकटीच होतीस."

"खंडोबा होता की." तिनं पोटावरचा पदर सारखा केला. "सिस्टर यावी असं मला वाटत न्हाई का, मामा? पण पोटात लेकरू हाय. शपथ मोडली अन् पुन्यांदा तसंच झालं तर?"

धुरपदाबाई आतून ऐकत होती. 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही, आणि व्यंकटीला तेच जास्त लागलं. सुनेवर रागवावं तर तोंड नव्हतं. हातावर भंडारा ठेवला असता, तर तोही त्याच बटनावर बोट ठेवून आला असता.

"कितवा लागला?" त्यानं विचारलं.

"सातवा."

म्हणजे चैतात दिवस भरणार होते. पुढची निवडणूक पाच वर्षांनी होती.