अष्टमीचा सूर्य

"बाजूला हो गं, मधे येऊ नको!"

एक डोळा बारीक, दुसरा कॅमेऱ्याला चिकटलेला, आणि मोकळा हात माशी हाकलावी तसा हवेत हलतोय. मनोरीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी अशी एक बाई तुम्हांलाही कधी दिसली असेल. दिसली असेल, तर तुम्ही तिचा ओरडाही खाल्ला असेल. फिरायला आलेले आजोबा असोत की हातात हात घातलेलं जोडपं, तिच्या आणि सूर्याच्या मधे आलेल्या कुणालाही माफी नव्हती. "सूर्यास्तात माणसाचं काय काम? माणसं ऑफिसात दिसतातच ना रोज!" हे तिचं तत्त्वज्ञान.

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात तिचं टेबल माझ्या शेजारी होतं. मुलीने नवा कॅमेरा घेतला आणि जुना आईला दिला, तेव्हा ही पन्नाशी ओलांडलेली. त्याआधी तिने मोबाइलवरसुद्धा कधी धड फोटो काढला नव्हता. आता मात्र डबा खाताना वरणाची वाटीसुद्धा उजेडाकडे सरकवून बघायला लागली.

पहिल्यांदा सूर्यास्ताला ती मलाच घेऊन गेली. चांगल्या कामाला चांगला दिवस हवा म्हणून पौर्णिमा निवडली. मार्वेहून तरीने पलीकडे मनोरीला उतरलो, किनारा गाठला. सूर्य जागेवर होता, पाणीच नव्हतं. ओहोटी लागून समुद्र लांब पळालेला, पुढे नुसता चिखल आणि खडक.

"वाट लागली यार," ती म्हणाली आणि तिथूनच तिने मालवणला आईला फोन लावला. आई इतक्या जोरात हसली की मलाही ऐकू आलं. "पुनवेक तिनसांजेक पाणी खंय आसता गो? अष्टमीक जा. भरती गावतली."

अष्टमीला संध्याकाळी भरती मिळते हे कळलं, तेव्हापासून दर अष्टमीला, चारच्या सुमारास, ती साहेबांच्या केबिनमध्ये उभी. "साहेब, अष्टमी आहे. जरा लवकर निघू?"

आमचे साहेब कडक. घरात बारसं असलं तरी माणसाला वेळेआधी सोडायचे नाहीत. पण अष्टमी म्हटल्यावर त्यांनी खुर्चीतच हात जोडले. देवीचं व्रत असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. पुढच्या खेपेपासून ते तिच्या हातात नारळ ठेवू लागले. "माझ्याकडून देवीला." बातमी ऑफिसभर झाली आणि कुणी ना कुणी तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी आणू लागलं.

"अगं, सांगून टाक ना खरं," मी म्हटलं.

"सांगते ना. पण खिचडी झकास असते गं. पुढच्या अष्टमीला सांगते."

साहेबांचा नारळ मात्र तिने कधी घरी नेला नाही. नमस्कार करून समुद्राला द्यायची. समुद्रही वस्ताद, पुढच्याच लाटेबरोबर नारळ परत आणून नेमका तिच्या फोटोच्या मधोमध ठेवायचा. तिच्या त्या काळातल्या निम्म्या फोटोंत सूर्याखाली एक नारळ डुलतोय. मला ते फोटो फार आवडायचे, तिला मुळीच नाही.

तिला एकच फोटो हवा होता. वाटोळा, अख्खा सूर्य पाण्याला टेकलेला. पण आपल्याकडे तो टेकतो कुठे? पाण्याच्या हातभर वर धुरकट पट्टा असतो, त्यातच विरघळून जातो. दर वेळी कॅमेरा बॅगेत ठेवताना ती म्हणायची, "आज पण नाही टेकला."

मग तिला बढती मिळाली आणि बदली झाली नागपूरला. पेढे वाटून झाल्यावर ती माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "नागपूरला समुद्र नाही गं." जाण्याआधी एकच अष्टमी उरली होती.

आणि नेमके त्याच अष्टमीला साहेब म्हणाले, "बाई, जाण्याआधी तुमच्या देवीचं दर्शन तरी घडवा. आमच्या मिसेसही येतायत."

मार्वेहून आम्ही चौघं तरीने निघालो, मनोरीपर्यंत ती बॅगेची चेन उघडत-मिटत राहिली. वाळूत पोचल्यावर साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "देऊळ कुठंय?"

"साहेब, देऊळ नाहीये," ती म्हणाली. "मी सूर्याचे फोटो काढायला येते. दर अष्टमीला. सॉरी."

साहेबांनी हातातला नारळ वाळूत ठेवला. तेवढ्यात मिसेसच खुदकन हसल्या. "अहो, मला तरीतच शंका आली. देवीला कुणी कॅमेऱ्याचा स्टँड घेऊन जातं का?"

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा समोर. पश्चिम कधी नव्हे ती लख्ख होती. धुरकट पट्ट्याचा पत्ता नव्हता. सूर्य तांबूस, अख्खा, खाली येत होता. त्यांनी बूट काढले, पँट दुमडली, नारळ उचलला, सरळ पाण्यात जाऊन तो समुद्राला दिला आणि हात जोडून उभे राहिले. अगदी बरोब्बर मधे.

तिचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला. हात नेहमीसारखा वर गेला. आता साहेबांना ओरडा बसणार म्हणून मी डोळे मिटले.

"साहेब!" ती ओरडली. "हलू नका!"

सूर्य टेकला. साहेबांच्या जोडलेल्या हातांच्या शेजारी, वाटोळा, अख्खा. ती फोटो काढत राहिली, हसत राहिली, आणि मी वाळूत उभी राहून आनंदाने रडले. माझी मैत्रीण चालली होती आणि तिला हवं ते मिळालं होतं. दोन्ही एकाच वेळी.

तो फोटो आता नागपूरला तिच्या हॉलमध्ये आहे. तिथल्या तलावावरचे सूर्यास्त ती मला पाठवते. तलावाला कसली आलीय भरती, पण बाई जाते अष्टमीलाच. आणि हल्ली तिच्या फोटोंत माणसं असतात. कुणी चणे खातंय, कुणी नुसतंच बसलंय.

इकडे अष्टमीला चारच्या सुमारास साहेब माझ्या टेबलाशी येतात, हातात नारळ. "निघायचं ना?" मिसेस मार्वेला भेटतात. आमच्यापैकी कुणाकडे कॅमेरा नाही. सूर्य खाली येऊ लागला की आम्ही तिघं पाण्याशी जातो, आणि दोघी एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला उभे राहतो. मधली जागा मोकळी सोडतो.