दीड तासाचं अंतर

शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फौंड्रीत मी नोकरीला आहे, तिथल्या मालकांनी आम्हा तिघांना यंत्रांचं प्रदर्शन बघायला जर्मनीत ड्युसेलडॉर्फला पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी गडमुडशिंगीहून आत्ती आली. पिशवीत डिंकाचे लाडू आणि जुन्या लुगड्याचं शिवलेलं झबलं होतं. तिची एकुलती एक मुलगी व्हिएन्नात असते. तिला नुकतीच मुलगी झाली होती, आणि गुडघ्यांमुळं आत्तीला बाळंतपणाला जाता आलं नव्हतं.

"फोनात दिसतंय बाळ, पर वजन कळत न्हाय," आत्ती म्हणाली. "तू घेऊन बघ आन मला सांग."

प्रदर्शन संपल्यावर दोन दिवस मोकळे होते. व्हिएन्ना तिथून साडेसातशे किलोमीटर, विमानानं दीड तास. व्हिसाही तोच चालत होता. मी सगळं बघून ठेवलं होतं. पण बरोबरचे दोघे ऱ्हाईन नदीवर बोटीनं फिरायला निघाले आणि मलाही जावंसं वाटलं, एवढंच. आत्तेबहिणीला फोन करून म्हणालो, "फार लांब पडतंय गं. जमायचं न्हाय."

ती म्हणाली, "असू दे दादा."

झबलं पोस्टानं पाठवलं. लाडू आम्ही तिघांनी बोटीत संपवले.

परत आल्यावर काय कारण सांगायचं ते ठरवत आत्तीकडे गेलो, तर ती दारातच म्हणाली, "लेकीचा फोन आलता. दादा येऊन गेला म्हणाली. लाडू बी आवडलं म्हणं. बाळ किती जड हाय रं?"

मी दोन्ही हात पुढं करून वजन दाखवलं. चांगलं गुबगुबीत आहे म्हणालो. आत्तीनं शेजारणीला हाक मारली आणि मला पुन्हा दाखवायला लावलं. मी पुन्हा दाखवलं.

त्यानंतर मी तिच्याकडे जायचं टाळायला लागलो. दोन महिन्यांनी एका रविवारी गेलो. ती मेथी निवडत बसली होती. समोर बसून सगळं सांगून टाकलं, लाडवांसकट.

तिचे हात थांबले. "किती लांब हुतं?"

"विमानानं दीड तास."

"एवढ्यात आपण एस्टीनं इचलकरंजीला पोचतो की."

तिनं दोन-तीन काड्या निवडल्या.

"तिला सांगू नगंस मला कळलंय म्हणून," ती म्हणाली. "माझ्यासाठी खोटं बोलली पोर."

मग उठून तिनं चहा ठेवला, नेहमीसारखाच.

बहिणीचा फोन अजून येतो. ती बाळाला पुढं धरते, मामा बघ म्हणते. तिची माफी मागायची राहिली आहे. आत्तीनं सांगू नको म्हटलंय, हे कारण मला फार सोयीचं पडलं आहे.