बरणीत अडकलेलं तोंड

शहराच्या टोकाला, बेसा गावाच्या पुढे आमचा लेआउट आहे. निम्मी घरं, निम्मे रिकामे प्लॉट. कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांत अंजनाबाई गोंडाणे एकट्या राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी दीप्ती खाप्याला दिलेली. बाळंतपणाच्या एका दवाखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं आयाचं काम केलं. आता आमच्या भागातल्या तान्ह्या बाळांना तेल लावून आंघोळ घालतात. माझ्या दोन्ही नातवंडांची पहिली आंघोळ त्यांच्याच हातची. रस्त्यानं जाणारी बाई नुसती पाहून त्या कितवा महिना आहे ते सांगायच्या आणि ते सहसा चुकायचं नाही.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी एक तांबूस कुत्री रस्त्यावर भेलकांडत जाताना दिसली. फरसाणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत तिचं डोकं घट्ट अडकलं होतं. श्वासानं बरणी आतून पांढरी झालेली. तिला धड दिसत नव्हतं. भिंतीला आपटायची, थांबायची, पुन्हा चालायची.

अंजनाबाई हातातलं काम टाकून धावल्या. समोरचे चंपतराव, मी, आणखी दोघं-तिघं निघालो. पण पावलांचा आवाज आला की कुत्री उधळायची, आणि दर वेळी टोकाच्या प्लॉटकडे जायची. तिथे नालीच्या कामाचे सिमेंटचे पाइप पडले होते आणि त्यापलीकडे मोठा रस्ता.

"तिकडे जाऊ देऊ नका गा तिले," अंजनाबाई चंपतरावांना म्हणाल्या. "ट्रकखाली येईन."

म्हणून आम्ही तिकडची वाट अडवली. चंपतराव काठी घेऊन उभे राहिले, मी जुनी चादर धरून. ती आली की आम्ही तिला मागे हाकलायचो. दोन दिवस हेच चाललं. पहाटे त्या प्लॉटकडून टकटक ऐकू यायची. बरणी फोडायला ती पाइपवर डोकं आपटत असेल, असं मला वाटलं. आम्ही जवळ गेलो की ती निसटून जायची.

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला अंजनाबाई सारखा फोन करत होत्या. त्यांच्याकडची मधुवंती नावाची मुलगी बुधवारी दुपारी जाळं घेऊन आली. तोवर कुत्रीतही पळायचं बळ उरलं नव्हतं. निंबाखाली ती बसली आणि जाळं अंगावर पडलं तरी उठली नाही. मधुवंतीनं कात्रीनं बरणी कापली. मानेभोवती कातडी सोलवटली होती. अंजनाबाईंनी पाण्याचं भांडं पुढे केलं. कुत्री थोडंसं प्यायली आणि आडवी झाली.

तेव्हा तिचं पोट वर आलं.

सगळी आचळं दुधानं तटतटली होती, दगडासारखी. अंजनाबाईंचा हात तिच्या पोटावर होता तिथेच थांबला.

"अरे बाप्पा," त्या हळूच म्हणाल्या. "हे तर बाळंतीण आहे."

कुत्री उठली. कसेबसे पाय टाकत टोकाच्या प्लॉटकडे निघाली. या वेळी कोणी अडवलं नाही. आम्ही मागून गेलो. दोन पाइपांच्या मधे एक अरुंद फट होती, तीत ती डोकं खाली घालून शिरली. ती टकटक कसली होती, ते मला तेव्हा कळलं. बरणीसकट डोकं त्या फटीत जात नव्हतं.

आत चार पिलं होती. तीन गेलेली. ती एकेकाला चाटत होती, नाकानं लोटत होती. चौथं किंचित हललं.

अंजनाबाईंनी ते पदरात घेतलं, ओल्या फडक्यानं पुसलं, पाठ चोळली. दवाखान्यात मूल रडलं नाही की असंच करत असणार. पिलानं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मधुवंती गाडी काढते म्हणाली, तर अंजनाबाई म्हणाल्या, "थांब वं, पहिले मायजवळ लावू दे." त्यांनी त्याला आचळाशी धरलं. दोन थेंब गेले असतील, नसतील. मग त्याला डॉक्टरकडे नेलं, सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेही गेलं.

चारही पिलं अंजनाबाईंनी स्वतः खड्डा करून पुरली. हात जोडून त्रिसरण म्हटलं. मग कुत्रीजवळ बसून थंड पाण्याच्या घड्या तिच्या आचळांवर ठेवत राहिल्या.

"दवाखान्यात कोणाचं लेकरू गेलं का दूध आटावं म्हणून तिच्या छातीले पट्टा मीच बांधत होती," त्या माझ्याकडे न पाहता बोलल्या. "माझ्यासंगच्या बाकी आया त्या खोलीत जायच्याच नाहीत. दूध काही कोणाले विचारून थांबत नाही ना."

मी म्हटलं, "तुम्ही होत्या म्हणून ही तरी वाचली."

"तीन दिवस ते लेकरांकडे जायले पाहत होती, अन् आपण काठी घेऊन तिले हाकलून राहिलो होतो," त्या म्हणाल्या. "चंपतरावले मीच उभं केलं तिथं. दुसऱ्या कोणाले नाही समजलं तर चालते. मले काहून नाही दिसलं?"

चादर तर मीच धरली होती.

त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी एकाही बाळाला हात लावला नाही. बोलवायला येणाऱ्यांना "तब्येत बरी नाही" सांगायच्या. खाप्याहून दीप्ती येऊन राहून गेली. पुढे पुन्हा कामाला लागल्या, पण आंघोळ घालताना बाळाशी जे बोलणं चालायचं, ते कमी झालं.

कुत्री आठवडाभर त्या पाइपांपाशी जायची. मग पाइप जमिनीत गेले, वर माती पडली. मानेची जखम भरली. आता ती आमच्याच गल्लीत असते. चंपतरावांच्या हातून बिस्कीट घेते, माझ्याही घेते. अंजनाबाई दिसल्या की मात्र शेपूट पोटाशी घेऊन लांब उभी राहते. पिलू तिच्यापुढून त्यांनीच उचललं होतं.

अंजनाबाई रोज दुपारी पायरीवर भाकर कुस्करून ठेवतात आणि आत जाऊन दार लावून घेतात. दार बंद झाल्यावरच ती येते.