हाताचा गुण

"घाबरतंस कित्याक? मुंगी चावली समज गो!" असं म्हणेपर्यंत सुई टोचून बाहेर आलेली असायची. विक्रोळीच्या आमच्या चाळीतल्या कंपाउंडर काकांचं हे ठरलेलं वाक्य. आणि तुम्हाला सांगते, मुंगीसुद्धा चावल्यासारखी वाटायची नाही. हाताला गुण होता.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दवाखाना सुटला की ताप, अशक्तपणा, काय असेल ते घेऊन चाळ काकांच्या दारात. गोळीवर आमचा विश्वासच नव्हता. सुई टोचली तरच ते औषध! दवाखान्यात काका सिरिंज, सुया नीट उकळत. घरी एकच स्टोव्ह, त्यावर काकूंचा भात. मग सुईवर स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि पुढचा दंड धरायचा.

चाळीत कावीळ शिरली तेव्हा काका पाण्याच्या मागे लागले. "पाणी उकळून पिया रे!" म्हणून दारोदार ओरडत फिरले. आम्ही पाणी उकळलं. सुईचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग काकूंचे डोळे पिवळे झाले. अशक्तपणासाठी काका त्यांना दर आठवड्याला सुई देत, तीही मायेने. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, ही पाण्याची कावीळ नव्हे, रक्तातून जाणारी, बी प्रकारची. एकाची सुई दुसऱ्याला टोचली की होते. नुसतं स्पिरिट पुसून ती जात नाही. मी तिथेच होते. काका भिंतीला टेकून खाली बसले. आठ दिवसांत काकू गेल्या.

तेराव्यानंतर काका हात जोडून घरोघर फिरले. "माझ्या सुयेन झाला. रगात तपासून घेवा." लोक त्यांना बसवून चहा पाजायचे. माझी आईसुद्धा म्हणाली, "भावोजी, असं बोलू नये. तुमच्या हाताला गुण आहे." त्या माणसाला कुणी साधा दोषही देईना, याचा मला आजही संताप येतो. महिन्याभरात शेजारीण कणकण घेऊन दारात उभी, "काका, एक सुई द्या ना!" त्याच दिवशी त्यांनी गावाला जायचं ठरवलं.

निघताना मला म्हणाले, "तू तरी जा गो बाय. आणि माका कळय."

मी गेले. माझ्या रक्तात तीच कावीळ निघाली. डॉक्टर म्हणाले, त्रास होईलच असं नाही, पण तपासत राहा. घरी येऊन मी काकांना पोस्टकार्ड लिहिलं, "रिपोर्ट चांगला आला. काळजी करू नका."

उलट टपाली एकच ओळ आली, "बाकीच्यांचा काय?"

त्याचं उत्तर मला सुचेपर्यंत काकाही राहिले नाहीत.