लढाऊ विमानाची खंडेनवमी

आमच्या घरातलं लढाऊ विमान बांधून पूर्ण झालं, पण त्याला ठेवायला जागा नव्हती.

विमान हातभर लांब, पंख त्याहून थोडे जास्त. पण चिंचवडला आम्ही भाड्याने राहत होतो त्या दोन खोल्यांत एवढी जागा म्हणजे एका पाहुण्याची झोपायची सोय! पिंपरीच्या एका कारखान्यात मी मालाची वजनं तपासायचं काम करतो. तिथला एक परदेशी इंजिनियर मायदेशी परतताना मला एक खोका देऊन गेला. माझा काटा कधी चुकत नाही, यावर तो खूश होता. खोक्यात बाल्सा नावाच्या लाकडाच्या पट्ट्या होत्या (फुंकर मारली तर उडतील इतक्या हलक्या), पतंगाच्या कागदाहून पातळ कागद होता, पंखा फिरवायला रबराची दोरी होती आणि सूचनांचा इंग्रजी कागद होता. खऱ्या लढाऊ विमानाची, प्रमाणात लहान केलेली, उडणारी प्रतिकृती. ‘उडणारी’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला.

सगळा पावसाळा मी पट्ट्या कापत, चिकटवत होतो. कागदाला ताण यावा म्हणून वरून जे रोगण लावायचं, त्याचा वास इतका उग्र, की लसणाची फोडणी दिली तरी आमटीला विमानाचाच वास यायचा. कपडे वाळत घालायच्या दांडीवर विमान आणि कपडे पलंगावर, असं चालू झालं तेव्हा माझी बायको कमल शांतपणे म्हणाली, “अहो, दसऱ्यापर्यंत उडालं तर घरात. नाही तर बंबात.”

ही नुसती धमकी नव्हती. खाली पडलेल्या बाल्साच्या तुकड्यांवर तिने आधीच पाणी तापवून पाहिलं होतं आणि लाकडाला पसंती दिली होती.

विमानात मनापासून रस होता तो एकट्या सखूकाकूंना. त्या आमच्या घरमालकीणबाई, गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून त्या चौकशी करायच्या.

“ह्यात बसतं कोन?”

“कोणी नाही, काकू.”

“मग लढतं कोन?”



पहिलं उड्डाण घरामागच्या मोकळ्या रानात झालं. विमान हातातून सुटलं, झोकात वर चढलं, आकाशाकडे बघत क्षणभर विचारात पडलं आणि शेपटीवर बसत उकिरड्यात आलं. पुन्हा सोडलं, पुन्हा उकिरडा. मी सरळ हिशेब केला: पडतं, म्हणजे जड आहे. सगळ्यात जाड लाकूड नाकाशी होतं, म्हणून नाकच कानशीने घासायला घेतलं. सोनाराकडे जाऊन त्याच्या काट्यावर वजन केलं, परत येऊन घासलं. (सोनाराला वाटलं, मी काहीतरी लपवतोय.)

खरं तर सूचनांच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की तोल साधण्यासाठी नाकात गरजेनुसार माती भरावी. ज्याला उडायचंय त्याने माती खावी? आयुष्यभर वजनं केलेल्या माणसाला हे पटणं शक्य नव्हतं. छापणाऱ्याची चूक असणार, असं ठरवून मी त्या ओळीवर पेन्सिलीने काट मारली.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, “कालच्यापरीस आज लवकर पडलं की वो.”

अशात खंडेनवमी आली. काकूंनी ओसरीवर नांगराचा फाळ, कोयते, विळे धुऊन मांडले. कमलने विळी आणि कात्री ठेवली, मी घरची वजनं ठेवली. काकूंनी मांडणीवरून नजर फिरवली आणि विचारलं, “इमान कुठंय?”

मी म्हणालो, ते खेळणं आहे.

“हत्यार बी हाय आन् वाहन बी हाय. सोडायचं कसं?”

कमलने विमान आणून ठेवलं. काकूंनी त्याच्या नाकावर ओल्या हळदीकुंकवाचा चांगला जाड मळवट भरला, वर अक्षता चिकटवल्या. मी एकेका अक्षतेचं वजन मनात मोजत होतो. नाकाखाली हवा आत घ्यायला एक उघडं तोंड होतं. तेवढ्यात काकूंचं लक्ष तिकडे गेलं. सणाच्या दिवशी तोंड रिकामं कसं, म्हणून त्यांनी त्यात एक अख्खी सुपारी ठेवली.

मी पुसायला फडकं घेतलं, तर कमल म्हणाली, पुजलेल्या वस्तूचं कुंकू पुसायचं नसतं. ती आत गेल्यावर मी तिच्या केसांचा आकडा घेऊन निदान सुपारी तरी काढायचा प्रयत्न केला. सुपारी आणखी आत गेली आणि अशी घट्ट बसली की विमान उलटं करून हलवलं तरी हलेना.

पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. म्हणजे उरला दसरा, आणि तीच तर मुदत! सकाळी रानात अर्धी आळी जमली. कमल बंब पेटवूनच आली होती. कुंकवाने माखलेलं, सुपारी खाल्लेलं ते विमान मी हातात घेतलं, रबराला पीळ भरला आणि डोळे मिटून सोडून दिलं.

बराच वेळ कोणीच हसलं नाही, म्हणून डोळे उघडले. विमान सरळ चाललं होतं! ना वर बघत होतं, ना बसत होतं. उकिरडा ओलांडून, बाजरीच्या कणसांवरून एक रुबाबदार वळण घेऊन ते काकूंच्या खळ्यात अलगद उतरलं. काकूंनी उभ्या होत्या तिथूनच त्याला हात जोडले.

घरी आल्यावर मी कमलला गुरुत्वमध्य समजावून सांगितला. पाटीवर आकृती काढली. शेपटी जड पडत होती, नाकात वजन आल्यामुळे तोल साधला, यात दैवी काही नाही.

“म्हणजे सुपारीनेच उडालं ना?”

“सुपारीच्या वजनाने.”

“मग तुम्ही का नाही ठेवलंत वजन?”

मी पाटी पुसली.

कमल शब्दाची पक्की. विमान घरात राहिलं, बंबात गेलं नाही. पण जे पूजेमुळे उडालं ते दांडीवर कसं ठेवायचं, म्हणून तिने देव्हाऱ्यावरच्या फळीवर त्याची कायमची सोय केली. आता पारोशाने त्याला शिवायचं नाही असा नियम आहे. त्यामुळे मला माझ्याच विमानाचा गुरुत्वमध्य पाहायचा असला, तर आधी आंघोळ करावी लागते, आणि तरीही कमल विचारते, “हात नीट धुतलेत ना?”